कूस

रात्री दोन वाजता मला अजूनही जाग येते. अलार्म कधीच काढून टाकलाय, तरी डोळे उघडतात आणि अर्धवट झोपेत मी कानोसा घेते, शेजारच्या खोलीतून मशीनचा तो लयीतला आवाज येतोय का. मग हळूहळू लक्षात येतं की हे माझं घर आहे, मावशीचं नाही, आणि ते मशीन आता दुसऱ्याच एका मुलाच्या उशाशी आहे. मग मी कूस बदलते, आणि कूस बदलताना दर वेळी तो आठवतो.

तो माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याचं नाव लिहीत नाही, घरात ज्या नावाने हाक मारायचो ते घरातच राहू दे. २४ वर्षांचा असताना गेला. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा त्याचा आजार, यात स्नायू एकेक करून झिजत जातात, आधी पाय, मग हात, मग श्वासाचे स्नायू आणि हृदय. अशा मुलाबद्दल कुणी लिहायला बसलं की वाचणाऱ्याला वाटतं आता धीराच्या गोष्टी येणार. तसं बरंच काही सांगता येईलही, पण मला सगळ्यात जास्त आठवतात त्या रात्री, आणि त्याच्या हाका.

नोकरीमुळे मी तीन वर्षं मावशीकडे राहिले, तेव्हा तो अठराचा होता आणि मी तिथून निघेपर्यंत एकवीसचा झाला होता. पहिल्याच आठवड्यात मावशीला ताप आला आणि रात्री त्याला वळवायचं काम माझ्याकडे आलं. आपण झोपेत किती वेळा कूस बदलतो हे आपल्याला माहीतही नसतं. खांदा रगडला गेला, पाय अवघडला की शरीर आपलं आपण वळतं, झोप मोडत नाही, सकाळी काही आठवतही नाही. त्याला ते करता यायचं नाही. त्यामुळे खांदा दुखायला लागला की तो जागा व्हायचा, आणि कुणीतरी येईपर्यंत दुखणारा खांदा घेऊन तसाच पडून राहायचा.

वळवणं म्हणजे नुसतं ढकलणं नाही. त्याने मला ते पहिल्या रात्री शिकवलं, श्वास देणाऱ्या मशीनच्या मास्कच्या आतून, अर्ध्या आवाजात, एकेक पायरी. आधी मास्कची नळी मोकळी करून घ्यायची नाहीतर ती पाठीखाली जाते. मग एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि दोन्ही एकाच वेळी, कारण पाठीत सळ्या घातलेल्या होत्या, वरचं अंग आधी आणि खालचं नंतर असं वळवलं तर पाठ पिळली जायची. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्यायचा म्हणजे भार खांद्याच्या टोकावर न येता मागच्या चपट्या हाडावर येतो. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. बोटं सरळ. चादरीची सुरकुती मांडीखाली राहिली असेल तर ती ओढून काढायची, ती सुरकुती तीन तासांनी सुरीसारखी लागते असं तो म्हणायचा. आणि सगळं झालं, मी वळून निघाले की मागून एकच शब्द यायचा.

"कान."

खालचा कान डोक्याच्या वजनाखाली दुमडलेला असायचा. आपला कान दुमडला तर आपण डोकं जरासं हलवतो आणि तो सुटतो, एका सेकंदाचं काम. त्याच्या मानेत तेवढीही ताकद उरली नव्हती. मी परत यायचे, डोकं दोन बोटं उचलून कान सपाट करायचे आणि तो डोळे मिटायचा. पहिले दोन-तीन महिने तरी मला रोज आठवण करून द्यावी लागली असेल, नंतर हात आपोआप तिकडे जायला लागला.

त्याचं लहानपण मला नीट आठवतं. दीड वर्षाचा होऊन गेला तरी चालत नव्हता, मग चालायला लागला तो टाचा उचलून, चवड्यांवर. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की पाहुणे हात लावून कौतुक करायचे, काय दणकट पाय आहेत म्हणायचे. ती ताकद नव्हतीच, मेलेल्या स्नायूंच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साठत होते, आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो. जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा व्हायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत चढत उभा राहायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. १८७९ मध्ये गॉवर्स नावाच्या डॉक्टरने हे उठणं लिहून ठेवलंय आणि आजही त्याला गॉवर्स साइन म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

निदान व्हायलाही उशीर झाला, आणि त्याबद्दल मला अजून राग आहे. रक्ताच्या तपासणीत एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले आले म्हणून एका डॉक्टरांनी आठ महिने लिव्हरचे उपचार केले. हे आकडे स्नायू फुटल्यामुळेही वाढतात, आणि सीके नावाची एक साधी रक्ततपासणी केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याला फक्त जमिनीवर बसवलं आणि ऊठ म्हणाले. बघितलं आणि सीके लिहून दिली. निरोगी मुलात जो आकडा शे-दोनशेच्या आसपास असतो तो याच्यात पंधरा हजारांच्या वर होता. तुमच्या ओळखीत एखादा लहान मुलगा जिना चढायला त्रास घेत असेल, सारखा पडत असेल आणि लिव्हरचे आकडे वाढलेले म्हणून फेऱ्या मारत असेल तर एवढी एक तपासणी करून घ्या, मी ज्याला त्याला हे सांगते.

अकराव्या वर्षी चालणं बंद झालं. व्हीलचेअर आली त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. काका तर बाल्कनीत जाऊन उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत. आणि तो मात्र त्या खुर्चीवर बसून खोल्याखोल्यांतून सुसाट फिरत होता, दारांच्या चौकटींना धडकत होता, खिदळत होता. त्याने मला पुढे कधीतरी सांगितलं की लोकांना वाटतं मला चालणं आठवत असेल आणि वाईट वाटत असेल, पण ताई, मला चालणं आठवतं म्हणजे पडणं आठवतं, पुढचं पाऊल टाकायच्या आधीची भीती आठवते, खुर्ची आली आणि ती भीती गेली. आम्ही ज्याला शेवट समजून रडत होतो ती त्याची पहिली मोकळीक होती. त्याच्याबाबतीत असं मी बऱ्याचदा चुकले.

चौदाव्या वर्षी पाठीचं ऑपरेशन झालं. पाठीचा कणा एका बाजूला एवढा वाकला होता की बसलं की बरगड्या कमरेच्या हाडावर टेकायच्या. कण्याच्या दोन्ही बाजूंनी धातूच्या सळ्या टाकल्या, पाठ सरळ झाली, बसणं सुखाचं झालं. पण त्याआधी तो पुढे झुकून, कोपर टेबलावर ठेवून, तोंड हाताजवळ नेऊन आपल्या हाताने जेवायचा. आता पाठ वाकत नव्हती आणि हात वर येत नव्हता. पाठ सरळ झाली आणि हात तोंडापासून लांब गेला. हे आधी कुणी सांगितलंच नाही असं मावशी म्हणते. त्याला विचारलं तर म्हणायचा, सांगितलं असतं तरी मी ऑपरेशन केलंच असतं, फक्त आदल्या दिवशी जरा जास्त वेळ लावून जेवलो असतो.

त्याचं काम प्रूफ वाचायचं. घरी बसून, कॉम्प्युटरवर, मराठी मजकूर तपासून द्यायचा, अनुस्वार, ऱ्हस्वदीर्घ, राहिलेले शब्द. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढंच चालायचं, त्यावर माउस आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड. हळू व्हायचं, पण त्याच्या हातून चूक सुटायची नाही. आणि आपला आजार तो मला प्रूफच्या भाषेत समजावायचा. म्हणायचा, माझ्यात एक छपाईची चूक आहे, बाकी पुस्तक ठीक आहे.

डिस्ट्रॉफिन नावाचं एक प्रोटीन असतं, स्नायूच्या पेशीच्या आतला सांगाडा आणि बाहेरचं आवरण यांना ते बांधून ठेवतं. स्नायूमधल्या एकूण प्रोटीनपैकी जेमतेम ०.००२ टक्के, पण ते नसलं तर स्नायू दर वेळी आखडताना आवरणाला चिरा जातात आणि पेशी मरत जाते. त्याचा जीन हा माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात लांब जीनपैकी एक, २२ लाखांच्या आसपास अक्षरांचा, पेशीला तो एकदा उतरवून घ्यायला सुमारे १६ तास लागतात. कामाचे तुकडे त्यात ७९, म्हणून ड्यूशेन दिवस सातव्या दिवशी, नवव्या महिन्यात, ७ सप्टेंबरला असतो, हे त्याला फार आवडायचं. याच्या जीनमध्ये ४५ ते ५० हे तुकडे नव्हते.

मग सहाच तुकडे नाहीत तर एवढं सगळं का बिघडावं, असं मी विचारलं. त्याने स्क्रीनवर टाइप केलं, कमल पतंग उडव. म्हणाला, पेशी तीन तीन अक्षरं धरून वाचते. आता यातला प खोड. आणि तीन तीन धरूनच वाच. कमल तंगउ डव. एक अक्षर गेलं आणि पुढचं सगळं बरळणं झालं. मग तो म्हणाला, आता उरलेलं तंग पण खोड. कमल उडव. वाक्य तोकडं झालं, पतंग गेला, पण काहीतरी अर्थ लागतो की नाही? आता औषधं काढतायत ती अशी आहेत, चुकीच्या पुढचा अजून एक तुकडा मुद्दाम गाळायचा म्हणजे पुढचं जुळतं. माझ्या बाबतीत ५१ नंबरचा.

ते औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, स्नायूत थोडंसं डिस्ट्रॉफिन दिसलं एवढ्या आधारावर. दर आठवड्याला शिरेतून द्यायचं. तो तेव्हा १७ वर्षांचा होता, बरोबर त्याच्याच प्रकारच्या चुकीसाठीचं औषध, आणि तोवर त्याच्या हातापायात वाचवण्यासारखा स्नायूच फारसा राहिला नव्हता. २०२३ च्या जूनमध्ये तिथेच पहिली जीन थेरपी मंजूर झाली, ती चालू शकणाऱ्या ४ आणि ५ वर्षांच्या मुलांसाठी. ती बातमी त्यानेच मला पाठवली. खाली लिहिलं होतं, छोट्यांना मिळतंय. त्याचे मेसेज दोन-तीन शब्दांचेच असायचे, एकेक अक्षर अंगठ्याने मोजून टाकलेलं. मी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत बसले, त्यात हळहळ शोधत होते आणि मला ती सापडली नाही. आजही तो मेसेज उघडते कधीकधी. त्या थेरपीबद्दल पुढे वाईट बातम्याही आल्या, काही मुलं दगावली, ते त्याला कळलं नाही हे बरंच झालं असं वाटतं.

पण मला हाकांबद्दल सांगायचंय.

एके दिवशी त्याने मोजल्या. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुणालाही मारलेली प्रत्येक हाक, स्क्रीनच्या कोपऱ्यात एकेक रेघ. चष्मा घसरला, नाकावर खाज आली, डास बसला, हात माउसवरून सरकला, कोपर टोचतंय, केस डोळ्यावर, पाणी, बाथरूम, दरवाजा लावा, दरवाजा उघडा. त्रेसष्ट झाल्या. मला वाटलं होतं तो हे नुसतं कुतूहल म्हणून करतोय. नंतर लक्षात आलं की तो हिशोब बसवत होता, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याने एका हाकेत तीन-तीन कामं जोडायला सुरुवात केली. कुणी पाणी द्यायला आलं की त्याच फेरीत चष्मा, आणि जाता जाता कोपर. एकटा चष्मा घसरला असेल तर तो हाक मारायचा नाही, काम थांबवून, नाकाच्या टोकावरच्या चष्म्यातून समोर बघत, दुसरं काहीतरी लागेपर्यंत थांबून राहायचा. मी खोलीत गेले की विचारायचे, अरे हाक का नाही मारलीस? म्हणायचा, जमवत होतो.

जमवत होतो. मला हा शब्द ऐकवत नाही आता.

आपण धडधाकट माणसं मदत मागतो ती कधीमधी, अडलं तर, आणि त्याचंही आपल्याला ओझं होतं, दहा वेळा विचार करतो. त्याला प्रत्येक क्षुल्लक गोष्टीसाठी मागावं लागायचं, आणि ज्यांच्याकडे मागायचं ती दोन-तीनच माणसं, तीही दमलेली. त्याचं सगळ्यात मोठं कष्टाचं काम ते होतं असं मला आज वाटतं. कुणाला हाक मारायची, कधी, कोणत्या आवाजात, आत्ता की थोड्या वेळाने. आई नुकतीच आडवी झालीय, बाबा फोनवर आहेत, ताई ऑफिसातून आत्ताच आलीय. हे गणित त्याच्या डोक्यात दिवसभर चालू असायचं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नसायचा, आम्ही म्हणायचो किती शांत मुलगा आहे, काही त्रास नाही त्याचा.

आणि आता ती रात्र सांगते.

ऑफिसात वाईट आठवडा चालला होता, मी रोज उशिरा यायचे. त्या रात्री एकला झोपले. दोनचा अलार्म माझा, चारचा मावशीचा. मी अलार्म बंद केला आणि पडून राहिले, पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं म्हणत. झोप लागली नव्हती. मग त्याची हाक आली. "ताई." एकदाच, फार हळू, मास्कमधून. मी ऐकली. डोळे मिटलेले ठेवले. मनात म्हटलं, पुन्हा हाक मारली की उठते.

त्याने पुन्हा हाक मारली नाही.

चारला मावशी उठली. सकाळी मी पाहिलं तर त्याचा डावा कान लालभडक होता, वरच्या कडेला दुमडल्याची पांढरट रेघ. त्याने मला नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हटलं. मी काही बोलले नाही, त्यानेही काही काढलं नाही. ऑफिसात दिवसभर तो कान डोळ्यासमोर होता, आणि तरी घरी आल्यावर मी बोलले नाही.

बोलायला मला सात-आठ महिने लागले. एका रविवारी दुपारी मी त्याचे केस पुसत होते, घरात आम्ही दोघंच, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की त्या रात्री मी जागी होते. कोणती रात्र हेही मी सांगितलं नाही. त्याला विचारावंही लागलं नाही.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तुझा श्वास झोपेतला नव्हता."

सात वर्षं तो श्वास मोजत, तपासत जगत होता, त्याला दुसऱ्याचा श्वास कळणार नाही तर कुणाला. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी. मग तो म्हणाला, "ताई, मी पण करतो तसं. आई चारला येते ना, तेव्हा कधीकधी मी झोपल्याचं नाटक करतो. म्हणजे ती तशीच परत जाते."

मी रडले. तो म्हणाला, केस ओले आहेत अजून, पूस.

पुढे एकदा मी मावशीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, मला कळायचं गं तो जागा आहे ते. मी उंबऱ्यात उभी राहायची थोडा वेळ, आणि मग तशीच परत जायची.

मावशीबद्दल लिहायला हवं. लग्नानंतर सहा वर्षांनी तो झाला तेव्हा सगळे म्हणाले कूस उजवली. आणि मग निदानाच्या वेळी एका खोलीत बसवून तिला सांगण्यात आलं की हा दोष एक्स क्रोमोसोमवर असतो, म्हणजे मुलाला आईकडून येतो. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये ही चूक नव्यानेच झालेली असते, आई वाहक नसते. मावशीची तपासणी झाली, ती वाहक निघाली. मग आजीला आठवलं की तिचा एक भाऊ पायाने अधू होता आणि चौदाव्या की पंधराव्या वर्षी गेला, तापाने गेला असं सगळे म्हणायचे. जुना फोटो काढला, त्यात तो मुलगा भिंतीला टेकून उभा, हाफ पँट, आणि पोटऱ्या भरलेल्या. आजीने तो फोटो परत कधी कुणाला दाखवला नाही.

मावशी एकदाच माझ्याजवळ बोलली. म्हणाली, माझ्या कुशीतच दोष होता. मी काहीतरी समजावायला गेले, आकडे, शक्यता, यात कुणाचा दोष नसतो वगैरे. आतल्या खोलीतून त्याने ऐकलं असावं. रात्री जेवण भरवताना मावशीला म्हणाला, आई, चूक तुझ्यात आहे ना, मग तुझं हृदय पण बघायला हवं. ती हसण्यावारी न्यायला लागली. पण तो खरं बोलत होता, वाहक बायकांचंही हृदय पुढे कमजोर होऊ शकतं, त्यांनी वेळोवेळी इको करून घ्यायचा असतो, आणि घरोघरी हे राहून जातं कारण त्या बायकांना स्वतःकडे बघायला वेळच नसतो. तो मागे लागला. रोज. एवढा हाका वाचवणारा मुलगा, पण यात त्याने हात आखडता घेतला नाही. शेवटी म्हणाला, आज माझी एकच हाक आहे, बाकी काही मागणार नाही, तू इको करून ये. मी सुट्टी घेऊन घरी थांबले आणि मावशी गेली. हृदय थोडं कमजोर निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्या तिच्या अजून चालू आहेत.

मी पण तपासणी केली. माझ्यात नाही. हे मावशीला सांगायला माझी जीभ रेटेना, त्याला आधी सांगितलं. तो इतका खूश झाला की त्याला ठसका लागला आणि खोकल्याचं मशीन लावावं लागलं, कारण त्याचा स्वतःचा खोकला घशातला कफ बाहेर काढण्याइतका जोरात यायचा नाही. ते मशीन आधी हवा आत ढकलतं आणि मग एकदम बाहेर खेचतं. पाच वेळा केलं, तेव्हा कुठे बोलता आलं. मग म्हणाला, आईला मी सांगतो.

त्या मशीनांवरून एक प्रसंग. तो १९ चा होता, साध्या सर्दीवरून छाती भरली आणि आम्ही रात्री एका हॉस्पिटलात गेलो. ऑक्सिजन ८८ दिसला, त्यांनी लगेच ऑक्सिजनचा मास्क लावला, आकडा ९७ झाला, सगळे निवांत. पण तो गुंगत चालला. मावशी ओरडायला लागली की त्याचं बायपॅप, ते श्वास देणारं मशीन, लावा. ते म्हणाले आकडा तर चांगलाय. तिला कळत होतं, नुसता ऑक्सिजन दिला की आकडा छान दिसतो, पण अशा मुलांची खरी अडचण पुरेसा खोल श्वास घेता न येण्याची असते, कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो आणि माणूस झोपेत घसरत जातो. कॉलेज अर्धवट सोडलेली माझी मावशी त्यांना हे समजावत होती. शेवटी एका तरुण डॉक्टरने धमनीतलं रक्त तपासलं, कार्बन डायऑक्साइड खूपच वाढलेला, आणि मग घरून आणलेलं मशीन लावलं. तासाभराने त्याने डोळे उघडले. पहिला शब्द, चष्मा.

बाविसाव्या वर्षी त्याने डॉक्टरांसमोर बसून सांगितलं की गळ्याला छिद्र पाडून कायमचं व्हेंटिलेटर नको. त्याच आजाराची किती तरी मुलं ते घेऊन वर्षानुवर्षं चांगली जगतात, हे त्याला माहीत होतं, त्याने त्यांच्याशी बोलून, वाचून ठरवलं होतं. त्याच्या बाबतीत हृदयच आधी थकणार हे इकोवरून दिसत होतं. काकांना ते पटायला फार दिवस लागले. पण त्या खोलीतली एक गोष्ट मला बरी वाटली, तोवर सगळे डॉक्टर त्याच्या डोक्यावरून मावशीशी बोलायचे, याला दुखतं का, हा झोपतो का. स्टेरॉइडमुळे उंची खुंटली होती, चेहरा गोल, लोकांना तो बारा वर्षांचा वाटायचा. त्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि अर्धा तास त्याच्याशीच बोलले, त्याची वाक्यं श्वासासाठी मध्ये मध्ये तुटायची तेव्हा थांबून राहिले.

तो घरीच गेला, पहाटे, चार आणि सहाच्या मध्ये. चारला मावशीने त्याला उजव्या कुशीवर वळवलं होतं. त्याने नाटक केलं नाही त्या दिवशी, जागा होता. झोप आता, असं तिला म्हणाला. सहाला ती गेली तेव्हा मशीन चालूच होतं, श्वास देत होतं, छाती वरखाली होत होती, म्हणून तिला पहिला मिनिटभर कळलंच नाही.

मी दुपारी पोचले. कॉम्प्युटर चालू होता, अर्धवट तपासलेलं प्रूफ, कर्सर एका ओळीच्या मध्ये. ते काम नंतर मी पूर्ण करून पाठवलं. बारा पानं उरली होती. मी फार हळू वाचलं, एकही चूक राहू द्यायची नव्हती.

मशीनं मावशीने दोन महिन्यांतच एका दुसऱ्या घरी दिली, तिथला मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मशीन कसं लावायचं हे सांगायला ती स्वतः गेली, आणि मशीन राहिलं बाजूला, त्या मुलाच्या आईला कुशीवर कसं वळवायचं ते दोन तास दाखवत बसली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपलो, मधलं दार उघडं, पलीकडे त्याचा बेड अजून आहे, गादी गुंडाळून ठेवलेली. दोनला अलार्म वाजला. तिने तो काढलेला नाही, मला माहीत नव्हतं. ती उठेल म्हणून मीच आधी उठले, अंधारात फोन चाचपडला, बंद केला आणि उभी राहिले, कुठे जायचं ते सुचेना. पलीकडच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

मावशी दाराकडे तोंड करून, डाव्या कुशीवर होती, इतकी वर्षं ती त्याच कुशीवर झोपते. डोळे मिटलेले. झोपेतच म्हणाली,

"कान बघितलास का?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"हो मावशी. बघितला."